अकराताईंचे अवयव

चाळीसगावच्या आमच्या शारदाकुंज सोसायटीतली तळमजल्यावरची एका खोलीची जागा अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा या संख्येने भाड्याने घेतली, तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. जागा द्वारकाबाई येवल्यांची होती. त्या स्वतः वरच्या मजल्यावर राहत आणि सगळी सोसायटी त्यांना जिजी म्हणे.

संख्या धुळ्याहून आली होती. तिथल्या एका बँकेत ती बरीच वर्षं एका निवृत्त हेडमास्तरांचा खाते क्रमांक होती. हेडमास्तर वारले, मुलांनी खातं बंद केलं आणि ती मोकळी झाली. दुसरं काम मिळेना. मोबाईल क्रमांक व्हायला तिच्यात एक अंक जास्त होता आणि आधार क्रमांक व्हायला एक कमी. शेवटी तिने ठरवलं, आता कुठे लागायचं नाही, स्वस्थ राहायचं. गावाच्या नावातच चाळीस आहे म्हणून तिला चाळीसगाव बरं वाटलं.

आमच्या सोसायटीचा नियम असा होता, की एका खोलीच्या जागेत कमीत कमी दोघं आणि जास्तीत जास्त तिघं राहावेत. एकट्याला जागा द्यायची नाही हे सगळीकडेच असतं. तिघांपेक्षा जास्त नकोत हे आमचं, कारण पाण्याची टाकी लहान. त्यामुळे चेअरमन नाना अमृतकरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कुटुंबात कोण कोण?"

"मी मूळ संख्या आहे," संख्या म्हणाली. "मला दोनच विभाजक. एक, आणि मी स्वतः."

"एक म्हणजे?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं, की तिच्या शेजारी एक नावाचे सडपातळ गृहस्थ मघापासून उभे आहेत. ते म्हणाले, "मी सगळ्यांबरोबर असतो. माझा त्रास नाही."

नानांनी थोडा विचार केला. "म्हणजे दोन झाले. नियमात बसतं," असं म्हणून त्यांनी जिजींकडे पाहून मान हलवली. किल्ली त्याच दिवशी दिली.

एवढं मोठं नाव दारातून हाक मारायला अवघड होतं. मुलांनी त्याचं अकराताई केलं आणि तेच राहिलं. अकराताई म्हणजे एका रांगेत उभे अकरा एक्के. पुढून वाचा की मागून वाचा, फरक नाही. त्यामुळे त्या येताहेत की जाताहेत हे जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला पटकन कळत नसे. घरात साध्या असत, पण हळदीकुंकवाला किंवा बारशाला जायचं असलं की चार स्वल्पविराम घालत. पूर्णांक असल्यामुळे अर्धा कप चहा त्यांना चालायचा नाही. जिजी सुरुवातीला आग्रह करत, "अगं, अर्धाच घे." मग त्या पूर्ण कपच करायला लागल्या. भाकरीचंही तसंच. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत त्यांना फार आवडे, पण भाकरी अख्खीच लागे.

मूळ असण्याचा त्यांना अभिमान होता. त्या बढाई मारत नसत, पण विषय निघाला की सांगत. "धुळ्याला हजाराच्या आतले सगळे येऊन गेले. तीन आले, दोन उरवून गेले. सात आले, त्यांनीही दोन उरवले. अकरा आले, ते तर आपल्या सख्ख्यांतलेच वाटत होते, पण एक उरवला. तेरांनी नऊ उरवले. ते सगळं मलाच आवरावं लागलं."

"भाग घालताना दुखतं का गं?" जिजींनी एकदा विचारलं.

"भाग घालताना नाही दुखत. बाकी उरली की दुखतं," अकराताई म्हणाल्या. "कोणी नीट मावलंच नाही, असं वाटत राहतं. म्हणून मग मी सगळ्यांना सांगून टाकलं, की मी मूळ आहे, आता कुणी येऊ नका."

वर्षभर चांगलं चाललं होतं. मग दिवाळीनंतर एके सकाळी फाटकापाशी पाच अंकी, खांद्याला पिशवी लावलेले एक पाहुणे आले. मी गाडी पुसत होतो. त्यांनी नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.

"संख्या का?" मी विचारलं.

"संख्याच. पण रेल्वेत होतो. तिथे सगळ्यांना आकडाच म्हणतात, म्हणून मी आपला आकडा म्हणवून घेतो. मनमाडला एका मालडब्यावर होतो. डबा भंगारात गेला." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "अकरा अब्ज अकरा कोटीवाल्या बाई इथेच राहतात ना? मला वाटतं, मी त्यांना निःशेष भागतो."

असलं वाक्य फाटकात उभं राहून कुणी बोलू नये. मी त्यांना आधी ऑफिसात बसवलं आणि नानांना बोलावून आणलं. नानांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"डबा गेल्यापासून मी माझ्या पटीतल्या लोकांना भेटत निघालोय. दारोदार. दुप्पट, तिप्पट, चौपट, असं करत करत इथवर आलो."

"किती घरं झाली?"

"मोजली नाहीत," एकोणपन्नासभाऊ म्हणाले. "मोजायचं काम आम्ही करत नाही. आमच्याने लोक मोजतात."

अकराताईंना निरोप दिला तेव्हा त्या दारातच थांबल्या. पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

"मी मूळ आहे," त्या म्हणाल्या.

"मीही आहे," एकोणपन्नासभाऊ नम्रपणे म्हणाले. "म्हणूनच म्हटलं, भेटून जावं. बाकीचे माझ्या पटीतले लोक मोठ्या खटल्याचे आहेत. दहा-बारा विभाजक, त्यात मी एक. कोणी चहा विचारतं, कोणी तेही नाही. तुमच्याकडे मात्र कुणीच नाही असं ऐकलं होतं."

"कुणी नाही आणि कुणी नकोही," असं म्हणून अकराताईंनी दार लावून घेतलं.

एकोणपन्नासभाऊ स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरले. इकडे सोसायटीत चर्चा सुरू झाली. नानांचं म्हणणं होतं, की हा खाजगी मामला नाही. जागा दिली ती दोन विभाजक आहेत या बोलीवर. तिसरा निघाला तर नोंद हवी, आणि चौथा निघाला तर नियम मोडतो. "आणि एक भागणारा निघाला," नाना बोट वर करून म्हणाले, "तर भागाकार म्हणून दुसरा निघतोच. हे एकेकटे कधी येत नाहीत." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण ते खरं होतं. एकोणपन्नासभाऊंचं म्हणणं बरोबर निघालं, तर अकराताईंना खोली सोडावी लागणार होती.

अकराताई दोन दिवस बाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जिजी भरलेला कप घेऊन खाली गेल्या. मी त्यांच्या खिडकीबाहेर टाकीचा व्हॉल्व्ह बघत होतो आणि खिडकी उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं.

"जिजी, मी मूळ नसेन तर मग मी कोण?" अकराताई विचारत होत्या.

"मला कधी कुणी मूळ म्हटलं नाही," जिजी म्हणाल्या. "सात भावंडांत मधली मी. लग्न झालं तर सासरी नऊ माणसं. कुणी मला बहीण म्हटलं, कुणी वहिनी, कुणी मावशी. माझं काही अडलं नाही बाई. चहा घे."

"पण खोटं निघालं तर लोक हसतील."

"नाना हसतील. ते कशालाही हसतात. आणि तू खोटं कुठे बोललीस? तुला माहीत नव्हतं."

कप बशीत टेकला. मग अकराताईंचा आवाज आला. "पण बाकी उरली तर? आणखी एकदा?"

जिजींनी यावर काय सांगितलं ते कळलं नाही, कारण टाकी भरून वाहायला लागली. पण संध्याकाळी अकराताई स्वतः धर्मशाळेत गेल्या. एकोणपन्नासभाऊ बाकावर बसून शेंगा सोलत होते. त्यांच्यासमोर उभं राहून त्या म्हणाल्या, "रविवारी या. भाग घालून पाहा. पण काही उरलं तर ते तुम्ही घेऊन जायचं. माझ्याकडे ठेवायचं नाही."

"उरलं तर घेऊन जाईन," एकोणपन्नासभाऊ म्हणाले, आणि त्यांना शेंगा देऊ केल्या. त्यांनी घेतल्या नाहीत, पण नको असंही म्हणाल्या नाहीत.

रविवारी सकाळी आम्ही पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढल्या, फरशी झाडून घेतली आणि खडू आणले. अकराताईंसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. त्यांच्या शेजारी जिजी बसल्या, मागे एक उभे राहिले. नानांनी सभेचं कामकाज सुरू झाल्याचं सांगितलं आणि भागाकार सर्वांसमोर, डावीकडून उजवीकडे, नेहमीच्या पद्धतीने होईल असं जाहीर केलं. कुणाची हरकत नव्हती.

एकोणपन्नासभाऊंनी चपला काढल्या आणि फरशीवर बाहेरच्या बाजूला उभे राहिले. अकराताईंनी पहिले सहा एक्के पुढे केले. त्यांत ते पाच वेळा गेले. नानांनी वर खडूने पाच लिहिले. दोन हजार आठशे सहासष्ट उरले. अकराताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ही बाकी नाही," जिजी म्हणाल्या. "हे मधलं आहे. खाली उतरव एक."

अकराताईंनी पुढचा एक्का खाली उतरवला. आता एकदाच गेलं. पुन्हा एक्का उतरवला, तीनदा गेलं. मग दोनदा. मग पुन्हा तीनदा. प्रत्येक वेळी खाली काही ना काही उरत होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उतरत होता. वजाबाक्या सगळेच करत होते. पहिल्या मजल्यावरचे शिनकर हातचा विसरले, त्यांच्या बायकोने सुधारलं. आता एकच एक्का राहिला होता आणि फरशीवर एकोणीस हजार चारशे चौऱ्याऐंशी शिल्लक होते. एवढे उरलेले पाहून मलाही वाईट वाटलं. शिनकर हळूच म्हणाले, "जमत नाही वाटतं."

अकराताईंनी डोळे मिटून शेवटचा एक्का उतरवला. फरशीवर एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस झाले. एकोणपन्नासभाऊ पुढे झाले. एकदा गेले, दोनदा गेले, आणि असं करत नऊ वेळा गेले. नानांनी नऊने गुणून खाली लिहिलं आणि लिहिलेलं दोनदा वाचलं. वर एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस. खालीही तेच.

काही उरलं नव्हतं. नानांनी फरशीवर शून्य काढलं आणि खडू ठेवला.

अकराताई अजून डोळे मिटूनच बसल्या होत्या. "किती उरले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," जिजी म्हणाल्या.

"तरीच," अकराताई म्हणाल्या. "दुखलं नाही."

त्यांनी डोळे उघडले आणि एकोणपन्नासभाऊंकडे पाहिलं. ते घामाघूम होऊन चपला शोधत होते. "उभे का?" त्या म्हणाल्या. "बसा. चहा घ्याल ना? पूर्ण कप घ्या." मग दोघं तिथेच पार्किंगमध्ये चहा पीत बसले आणि आम्ही गाड्या आत घ्यायच्या खोळंबलो, पण घाई कुणी केली नाही.

भागाकार नानांनी वाचून दाखवला. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. म्हणजे या नावाचं कुणीतरी कुठेतरी होतं, आणि तेही अकराताईंचं होतं. एकोणपन्नासभाऊंची त्यांच्याशी ओळख नव्हती. "आम्ही दोघं एकमेकांना भागत नाही," ते म्हणाले, "त्यामुळे गाठ पडायचं कारण नव्हतं."

नानांनी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस यांनी शारदाकुंज, चाळीसगाव येथे संपर्क साधावा, घरगुती काम आहे. जिजींचा फोन नंबर दिला होता. गुरुवारी अमळनेरहून फोन आला. जिजींनी स्पीकर लावला.

"मीच ती," पलीकडचा बाईचा आवाज म्हणाला. "काय काम आहे? काही झालंय का कुणाला?"

"कुणाला काही झालं नाही," जिजी म्हणाल्या. "तुमची माणसं सापडली आहेत."

पलीकडे त्यांनी कुणाला तरी शिलाई मशीन थांबवायला सांगितलं. मग आवाज म्हणाला, "दुपारनंतर या. सकाळी दुकानात गर्दी असते."

अकराताई, एकोणपन्नासभाऊ, जिजी आणि मी असे एसटीने पारोळ्यावरून अमळनेरला गेलो. एक आमच्याबरोबर होतेच. अकराताईंनी चारही स्वल्पविराम घातले होते आणि वाटेत दोनदा ते नीट केले. कंडक्टरने तिकिटं विचारली तेव्हा त्यांनी सवयीने "दोन" म्हटलं, मग थांबून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "परत येताना बघू."

दुकान बाजारपेठेत होतं. रमजान खाटीक नावाचे म्हातारे शिंपी दोन मशिनी लावून बसले होते. त्यांतल्या जुन्या, काळ्या मशीनवर पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस बाई पन्नासेक वर्षं होत्या. नंबरची पट्टी हाताने झिजून झिजून गुळगुळीत झाली आणि त्या मोकळ्या झाल्या, पण दुकान सोडून गेल्या नाहीत. गुंड्या लावत, गिऱ्हाइकांशी बोलत. उंचीला ठेंगण्या, बोलायला धारदार. त्यांनी अकराताईंना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं.

"एवढ्या मोठ्या बाईंमध्ये मी जाते?"

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास वेळा," एकोणपन्नासभाऊ म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं," त्या म्हणाल्या. मग अकराताईंना म्हणाल्या, "बसा ना. मला वाटायचं मी मूळ आहे, म्हणजे मला मागेपुढे कुणी नाही. मूळ तर मी आहेच. पण मूळ असून कुणाची तरी असता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. इथे दुकानात कपड्यांचं माप द्यायला येतात सगळे. माझी चौकशी करायला आजवर कुणी आलं नव्हतं."

"आम्हालाही आत्ताच कळलं," अकराताई म्हणाल्या.

"मूळ नाही म्हटल्यावर तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"दोन दिवस वाटलं. मग भूक लागली."

एकोणचाळीसबाई हसल्या आणि पुढे सरकल्या. अकराताईंच्या कडेचा एक स्वल्पविराम सुटत आला होता. त्यांनी सुईदोरा घेतला आणि बोलता बोलता तो टाचून दिला. तेवढ्या वेळात भाग घालून झाला होता, आणि पुन्हा काहीच उरलं नव्हतं. रमजानचाचांनी शेजारच्या हॉटेलातून भजी मागवली. निघताना त्यांनी एकोणचाळीसबाईंना सांगितलं, "जा, जाऊन राहा चार दिवस. मशीन मी बघतो. नंबर नसला तरी ते शिवतंच." मग जरा थांबून म्हणाले, "पण ईदच्या आधी या. काम असतं."

एकोणचाळीसबाई चाळीसगावात उतरल्या आणि स्टँडवरची पाटी वाचून म्हणाल्या, "एकाने हुकलं." त्या पिशवीत शिवणाचा सगळा सरंजाम घेऊन आल्या होत्या. आठवड्याभरात सोसायटीतल्या निम्म्या पडद्यांना नव्या किनारी लागल्या.

पण नियमाचा प्रश्न उरलाच होता. नानांनी सभा बोलावली. आता खोलीत चार जण होत होते. एक, एकोणपन्नासभाऊ, एकोणचाळीसबाई आणि अकराताई. नियम तिघांचा.

"माझं मन त्यांच्याच बाजूने आहे," नाना म्हणाले, "पण नियम मी केलेला नाही. माझ्या आधीच्या चेअरमननी केला."

शिनकरांनी सुचवलं, की दोन्ही अवयवांचा गुणाकार केला की अकराताईच होतात, तेव्हा तिघांना मिळून एकच धरावं. नाना म्हणाले, मग एकट्याला जागा देता येत नाही. शिनकर म्हणाले, बेरीज धरा. दोघांची बेरीज साडेपाच लाखही होत नाही, म्हणजे अकराताई एकट्या होत्या त्यापेक्षा गर्दी कमीच. यावर बराच वेळ चर्चा झाली. नानांनी बेरीज फेटाळली, कारण कुटुंब बेरजेने बनत नाही.

"मग एकांना मोजूच नका," मी म्हणालो. "ते कुणाच्याही घरी असतात."

"आधी मोजलंय," नाना म्हणाले. "जागा देताना त्यांना धरूनच दोन झाले होते. तेव्हा मोजायचं आणि आता नाही, असं नियमात कसं बसेल?"

अकराताई शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे नानांना अडचण नको. आम्ही दुसरीकडे जागा बघू. मिळून गेलो तर मला काही वाटणार नाही." जिजींनी पदराने डोळे पुसले आणि नानांकडे असं पाहिलं, की नाना पंख्याकडे बघायला लागले.

तेव्हा एक उठले. वर्षभरात ते सभेत कधी बोलले नव्हते.

"नाना, तुमच्या घरी किती जण?" त्यांनी विचारलं.

"पाच. मी, मंडळी, मुलगा, सून, नात. दोन खोल्यांना पाचची मर्यादा आहे, मी त्यातच आहे."

"पाचाला एकाने भाग जातो," एक म्हणाले. "म्हणजे मी तुमच्याकडेही असतो. शिनकरांकडेही असतो, सेक्रेटरींकडेही. मला मोजायचं ठरलं असेल तर सगळीकडे मोजा. माझी हरकत नाही. मग तुमच्याकडे सहा होतात."

नानांनी बोटांवर हिशोब केला. शिनकरांनीही केला. त्यांच्याकडे आधीच एक जास्त होता. शिनकरीणबाईंनी नवऱ्याच्या पाठीला कोपर लावलं आणि शिनकरांनी ठराव मांडला, की एक यांना यापुढे कुठल्याही घरात मोजू नये, आणि हा ठराव सोसायटीच्या स्थापनेपासून लागू धरावा. नानांनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. एकांनी स्वतःही हात वर केला होता, पण ते धरायचं की नाही यावर कुणी बोललं नाही.

मग अकराताईंच्या खोलीत तिघं झाले, नियमात बसले. मागे जागा देताना, एक यांना न धरता, त्या एकट्याच होत्या हे माझ्या लक्षात आलं. मी ते नानांच्या कानात सांगितलं. नाना म्हणाले, "जे झालं ते झालं. आता काढू नका."

एकोणपन्नासभाऊ पुढे कुठल्याच पटीकडे गेले नाहीत. अकराताईंच्या पुढच्या घरी जायचं होतं, पण ते म्हणाले, थकलो, इथेच बरं आहे. एकोणचाळीसबाई ईदच्या आधी अमळनेरला गेल्या आणि ईद झाल्यावर शिरखुर्म्याचा डबा घेऊन परत आल्या. धुळ्याहून कुणा बँकवाल्याचा निरोप आला, की एक नवीन खातं उघडायचंय, अकराताई येतील का. त्यांनी कळवलं, की घरी माणसं आहेत, आता जमणार नाही.

त्यानंतरच्या संक्रांतीला जिजी त्यांना बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत घेऊन गेल्या. मीही होतो. फोटोग्राफर गोकुळ देवरे तरुण होता, पण कामाला काटेकोर. त्याने तिघांना बाकावर बसवलं, मग मागे जाऊन पाहिलं आणि डोकं खाजवलं. अकराताईंची रुंदी फार होत होती.

"तिघांचे वेगवेगळे काढू का?" त्याने विचारलं.

"एकत्र काढा," अकराताई म्हणाल्या. "गुणून घ्या."

गोकुळने दिवे सारखे केले. शेवटच्या क्षणी एक हेही येऊन कडेला उभे राहिले. गोकुळ म्हणाला, "असू दे, फरक पडत नाही," आणि बटण दाबलं.

फोटो छान आला आहे. त्यात अकरा एक्के रांगेत उभे दिसतात, बाकी कुणी नाही. उजवीकडून दुसऱ्या एक्क्याच्या हातात तिळगूळ आहे. बघायला येणारे सगळे विचारतात, यात एकोणपन्नासभाऊ कुठे आहेत, एकोणचाळीसबाई कुठे आहेत. अकराताई प्रत्येकाला फोटो जवळून दाखवतात आणि म्हणतात, "हे काय, आहेत की." मग बघणाऱ्याला ते दिसतात.